शालिकचा गुलाबी कागद

वैनगंगेच्या काठी एका गावात शालिक नावाचा माणूस राहत असे. गावच्या नाटकमंडळीचे दिवे तो सांभाळायचा. दिव्यापुढे जिलेटिनचा रंगीत कागद लावला की रंगमंचावर त्या रंगाचा उजेड पडतो. शालिकच्या पेटीत असे कितीतरी रंग होते, पण त्याचा जीव मात्र एकाच कागदावर. गडद गुलाबी!

त्याची बायको पारबता त्याच मंडळीत काम करायची. लाल लुगडं नेसून त्या उजेडात उभी राहिली की राणी दिसायची राणी! एका तापात ती गेली. तेव्हापासून कुठलंही नाटक असो, शालिकचा उजेड गुलाबीच. म्हातारे चिडवायचे, "अरे, ही लढाई हाय का लगीन?" शालिक नुसता हसायचा. ऐकेल तर शपथ!

त्याला एक मुलगी होती, सुलू. आई गेल्यापासून बाप तिच्याशी जेवणापुरतं बोले. बाबांनी एकदा तरी आपल्याकडे नीट बघावं, "छान दिसतेस" म्हणावं, एवढीच त्या पोरीला आस लागली होती. म्हणून तिने नाटकात काम मागून घेतलं. नव्या नवरीचं. हिरवीगार साडी नेसून ती रंगमंचावर आली.

शालिकने सवयीने गुलाबी कागद लावला. आणि झालं काय, हिरव्यावर तो उजेड पडताच साडी पार काळीकुट्ट दिसू लागली. लोक कुजबुजले, "नवरी सुतकात हाय का?" सुलूच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी तिने प्रवेश पुरा केला.

मध्यंतरात ती थेट दिव्यांपाशी गेली.

"बाबा, तुमी मले पाहून राहिले का आईले?"

ती निघून गेली.

पडदा पुन्हा उघडायच्या आत त्याने गुलाबी कागद काढला. काढताना जिवावर आलं त्याच्या. दुसरा लावायला पेटीत हात घातला, तर बोटं अडली. सुलूला कुठला रंग शोभतो? सख्ख्या बापाला ठाऊक नव्हतं! कधी बघितलंच नव्हतं ना. शेवटी त्याने दिवा तसाच कोरा ठेवला.

साध्या उजेडात साडी हिरवीगार झाली. सुलू हसली. ते हसू पारबताचं नव्हतं, तिचं तिचंच होतं. शालिकला राहवलं नाही. भर नाटकात तो ओरडला, "सुलू, छान दिसतेस वं माय!"

सगळ्या लोकांनी माना वळवल्या. सुलू पुढचं वाक्यच विसरली, पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

गुलाबी कागद आजही शालिकच्या पेटीत तळाशी आहे. कधीमधी तो काढून बघतो, डोळे पुसतो आणि परत ठेवतो.

तात्पर्य: गेलेल्या माणसाची आठवण खुशाल उराशी जपावी, पण तिच्या उजेडात समोरच्या माणसाला बघू नये, त्याचा स्वतःचा रंग काळा पडतो.