रविवारची खुंटी

"आणि ही खुंटीवरनं काढलीस, ती कुणाला विचारून?"

मठाच्या बाबांनी विचारलं, पण हातातलं काम थांबवलं नाही. ते कणीक मळत होते. खायची नव्हे, पखवाजाच्या डाव्या तोंडाला थापायची. सोमवार होता, संध्याकाळी मठात भजन होतं.

समोरच्या पायरीवर विश्वंभरनं रुमाल उघडून ठेवला होता. रुमालात तुळशीची माळ.

आता खरं सांगायचं तर विश्वंभरनं या वेळेची वेगळीच तयारी केली होती. रुमाल उघडायचा, बाबा हादरणार, मग आपण खाली मान घालून गंभीर उभं राहायचं. मान खाली घालून झाली होती. बाबाच हादरले नव्हते.

"विचारलं नाही, बाबा. पुरावा म्हणून आणली."

"पुरावा," बाबा म्हणाले, आणि कणकेत थोडं पाणी शिंपडलं.

विश्वंभर म्हणजे मठातला सगळ्यात कडक गडी. लहानपणीच माळ घातलेली. मटण-मासळीचं वशाट तर सोडाच, कांदा-लसूणही बंद. आणि हे सगळं समोरच्याला न विचारता कळायचं. नुसतं 'चहा घेणार का' म्हटलं तरी तो 'मी कांदा खात नाही' इथनं सुरुवात करायचा. टोमॅटोकडं पण तो जरा संशयानंच बघायचा, लाल आहे म्हणून.

माळ मात्र त्याची नव्हती. ती शिदू मगदुमाची.

शिदू टेम्पो चालवायचा, भट्टीच्या विटा पोचवायचा, आणि मठात पखवाज वाजवायचा. त्याची थाप पडली की नदीपलीकडची माणसं म्हणायची, चला, भजन सुरू झालं. आणि दर रविवारी दुपारी शिदू गळ्यातली माळ काढून दारामागच्या खुंटीला टांगायचा, मागच्या अंगणात जाऊन मटण-भाकरी हाणायचा, हात धुवायचा आणि माळ परत घालायचा. गावाला माहीत होतं. कुणी लपवलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं.

विश्वंभरला तेच खुपायचं.

म्हणून कालच्या रविवारी तो टाळ मागायचं निमित्त काढून शिदूच्या घरी गेला. दार उघडं. सोप्यात कुणी नाही. मागनं चुलीवरच्या रश्श्याचा वास, आणि शिदूचा आवाज, "नळी मला वाढ गं."

विश्वंभर तिथं जरा जास्तच वेळ उभा राहिला. तोंडाला पाणी सुटलं. किळस आली म्हणून सुटलं, असं त्याचं म्हणणं.

मग खुंटीवरची माळ रुमालात, रुमाल खिशात, आणि गडी पसार.

"बाबा, खाणारा एक वेळ परवडला," तो आता म्हणाला. "तो निदान सरळ सांगतो, खातो म्हणून. न खाणारा तर उत्तमच. पण हा मधलाच प्रकार काय? धड इकडं नाही, धड तिकडं नाही. अशाच्या गळ्यात माळ कशाला? काढून घ्या. पखवाज पण दुसऱ्याला द्या."

"दुसरा कोण वाजवतोय?"

"...शिकेल कुणीतरी."

बाबांनी कणकेचा गोळा उलटा केला.

"आज सोमवार. शिदू काय खाईल?"

"भाजी-भाकरी."

"उद्या?"

"भाजी-भाकरीच."

"बेस्तरवारी?"

"उपास धरतो म्हणे. पण बाबा, रविवारी..."

"रविवारचं कळलं मला. तू बघून आलास. बाकीच्या वारी कधी गेलतास का त्याच्या घरी, बघायला?"

विश्वंभरनं रुमालाचं टोक सारखं केलं.

"उपासाच्या दिवशी तरी?"

"...नाही."

"व्हय," बाबा म्हणाले. "त्या दिवशी वास येत नसंल."

विश्वंभरचे कान तापले. त्याला म्हणायचं होतं की मी वासासाठी गेलो नव्हतो. पण ते म्हणायच्या आधीच फाटक वाजलं.

शिदू होता.

तो आत आला नाही. फाटकाला धरून उभा राहिला. एरवी घोड्यासारखा हसत यायचा, आज चेहरा उतरलेला. एक हात सारखा गळ्याकडं जात होता, आणि तिथं काही नाही म्हणून परत येत होता.

बाबांनी पदर घ्यावा तसं उपरणं रुमालावर ओढलं.

"ये की आत."

"नको बाबा. मी आज आत येन्या लायक न्हाई." आवाज घोगरा, ओठ सुकलेले. "माळ गेली माजी."

"कुठं गेली?"

"काय म्हाईत. खुंटीला हुती. हात धून आलो तर न्हाई. समदं घर उलटं केलं बघा. तांदळाचा डबा वतला. टेम्पोची शीट काढली. धाकटी माज्या जरा आदी हात धून सोप्यात आलीती, तिला म्हनलं तूच घेतलीस, आन लई रागं भरलो. रडत रडत म्हनली, मी न्हाई. उपाशीच झोपली ती."

"आणि तू?"

"मी कसा जेवीन? कालपास्नं पानी बी न्हाई घेतलं. गळ्यात माळ न्हाई, घोट उतरंल कसा?"

आता विश्वंभरला राहवलं नाही. शिदू दिसताच तो खांबामागं सरकला होता, तो पुढं झाला.

"काल दुपारी कसा उतरला मग? तेव्हाही गळ्यात नव्हतीच की."

शिदूला टोमणा कळलाच नाही. त्याला वाटलं, विश्वंभरम्हाराज खरंच विचारतायत.

"न्हाई म्हाराज, तवा मी तिला सांगून जातो. म्हनतो, तू हितं बस जरा, आलोच मी. तिला वास नको लागायला. आन हात धुतला की पयलं तिलाच घालतो. ती एक रीत हाय आमची ठरल्याली. पर आता तीच न्हाई तर सांगू कुनाला?"

विश्वंभर काल रात्री पिठलं-भात जेवला होता, सकाळी दोनदा पोहे घेतले होते, आणि दुसऱ्यांदा घेताना माळ खिशात टोचत होती म्हणून रुमाल दुसऱ्या खिशात घातला होता. हे सगळं त्याला आत्ताच आठवायचं काही कारण नव्हतं. पण आठवलं.

शिदू हळू आवाजात म्हणाला, "बाबा, मला वाटतंय देवानंच न्हेली. म्हनला आसंल, ह्ये आर्दं गिऱ्हाईक नको मला. तुमी सांगा. सोडतो मी वशाट. आजच सोडतो. पर रैवारी पुन्ना जीब वळवळली तर काय करू, त्ये बी सांगा. तुमास्नी खोटं सांगायचं न्हाई मला."



कणीक मळून झाली होती. बाबा बोटाला चिकटलेली कणीक काढत बसले. एकेक बोट. सावकाश.

आणि बघत होते विश्वंभरकडं.

...

गावातला एक कुत्रा मठाच्या आवारात आला, तिघांकडं बघितलं, आणि निघून गेला.

"सापडली," विश्वंभर म्हणाला.

शिदूनं मान वर केली. "कुटं?"

विश्वंभरनं बाबांकडं बघितलं. बाबांचं तिसरं बोट चाललं होतं.

"कुठं म्हणतोय तो," बाबा म्हणाले.

"...माझ्या रुमालात."

उपरण्याखालनं त्यानं रुमाल ओढला आणि फाटकापाशी नेऊन शिदूच्या हातात दिला. आता हा टेम्पोवाला गडी एक ठेवून देणार, अशी त्यानं मनाची तयारी केली. गाल पण जरा आत ओढून घेतला.

शिदूनं माळ डोळ्यांना लावली. गळ्यात घातली. मणी चाचपून बघितले, सगळे आहेत का. मग त्यानं मोठा श्वास सोडला.

"म्हंजे देवानं न्हेली न्हवती."

"नाही. मी नेली."

"तुमीच व्हय," शिदू म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला. "मग बरं झालं. मी उगाच घाबरलो म्हाराज."

त्यापेक्षा थोबाडीत बसली असती तर बरं, असं विश्वंभरला वाटलं.

शिदू आत आला. रांजणातला तांब्या भरून घेतला आणि उभ्या उभ्या गटागटा रिकामा केला. दुसराही केला. तिसरा अर्धा डोक्यावर ओतला.

"जा," बाबा त्याला म्हणाले. "आधी पोरीला जेवू घाल. तिच्यासंगं तू बी जेव. मग भजनाला ये."

"आन रैवारचं काय बाबा?"

"सांगतो. जाताना दिसंलच."

मग बाबांनी विश्वंभरला हाक मारली.

"आतल्या कोनाड्यात खुंट्या हायत. दोन घेऊन ये. आणि हातोडा."

विश्वंभरनं आणल्या. बाबा गुडघ्यावर हात देऊन उठले, आणि मठाच्या दाराशेजारी, जिथं जाता-येता सगळ्यांची नजर पडते, तिथं भिंतीवर बोट ठेवलं.

"हितं ठोक."

ठक. ठक. ठक. पोपडे पडले. खुंटी बसली.

शिदू फाटकातनं वळून बघत होता.

"शिदू, रैवारी माळ हितं टांगून जायची," बाबा म्हणाले. "तुझ्या घरची खुंटी रस्त्यावर हाय. येता-जाता कुणाचा बी हात लागतोय."

"हितं? मटात? वशाट खायला जाताना?"

"व्हय. जाताना सांगून जा, आल्यावर घेऊन जा."

शिदूनं जरा विचार केला. मग मान हलवली आणि पळालाच. लांबपर्यंत त्याच्या चपलांचा आवाज येत होता.

विश्वंभरच्या हातात दुसरी खुंटी उरली होती.

"ही कुठं ठोकू?"

"तिच्या शेजारीच."

त्यानं ठोकली. अंमळ वाकडीच बसली. सरळ करायला गेला तर बाबा म्हणाले, राहू दे.

"ही कुणाची, बाबा?"

"तुझी."

विश्वंभरला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यानं गळ्यातली माळ मुठीत धरली.

"माझी कशाला? मी माळ कधी उतरवतच नाही. आजतागायत एकदाही नाही."

"ठावं हाय," बाबा म्हणाले. त्यांनी पखवाज मांडीवर घेतला, डाव्या तोंडावर कणकेचा गोळा थापला, आणि बोटानं एकदा वाजवून बघितला. "एक दिवस काढून ठेव तिथं... आणि घास उतरतोय का बघ."