मुकादमांच्या आसनावर

"…मग सही करायला अडचण ती काय?"

वाचनालयाचे चिटणीस त्र्यंबक मुळ्ये यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

अच्युताश्रम स्वामी मठाच्या अंगणात बसून कोकमासाठी रातांबे फोडत होते. फोडलेली सालं उन्हात पसरली होती. स्वामींचे हात मनगटाच्या वरपर्यंत लाल झाले होते.

"कागद वाचून दाखव," स्वामी म्हणाले. "माझे हात खराब आहेत."

मुळ्यांनी खाकरून घसा साफ केला. कचेरीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला स्वतःचा मसुदा मोठ्यानं वाचायला मिळणं ही काही रोजची गोष्ट नव्हे.

"सध्याची युद्धजन्य परिस्थिती लक्षात घेता, सार्वजनिक वाचनालयाचे ग्रंथपाल श्री. शमशुद्दीन मुकादम यांची वर्तणूक संशयास्पद आढळून आल्याने त्यांस आजपासून कामावरून दूर करण्यात यावे."

खाली अकरा सह्या होत्या. बारावी जागा मोकळी होती. वाचनालय मठाच्या जागेत उभं होतं, त्यामुळे स्वामी त्याचे तहहयात अध्यक्ष होते. त्यांच्या सहीवाचून ठराव सभेपुढे येत नव्हता, आणि सभा त्याच दिवशी संध्याकाळी पाचला होती.

"मुकादमांनी केलं काय?"

"महाराज, लढाई चालू आहे."

"ती मुकादमांनी सुरू केली?"

मुळ्ये हसले नाहीत. अलीकडे ते विनोदाकडेही संशयानं पाहत.

लढाई समुद्रापलीकडे चालली होती. दोन देश एकमेकांची बंदरं जाळत होते. या खाडीकाठच्या गावाचं मत दोघांपैकी कोणीही मागवलं नव्हतं. तरी गावानं हात राखला नाही. शाळेच्या सभागृहात पाच दिवसांची व्याख्यानमाला झाली. विषय होता, 'युद्धास जबाबदार कोण?' पहिल्या दिवशी वकिलांनी ज्यू लोकांना दोषी ठरवलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ख्रिस्ती राष्ट्रांना. तिसऱ्या दिवशी एका निवृत्त मामलेदारांनी मुसलमानांना. चौथ्या दिवशी रशियन आणि चिनी एकत्रच उरकण्यात आले, कारण वक्त्यांना शेवटची बस गाठायची होती. पाचवा दिवस मुळ्यांचा. त्यांनी समारोप करताना सगळ्यांनाच जबाबदार धरलं आणि टाळ्या घेतल्या.

पण टाळ्या थांबल्यावर पुढे काय करायचं, हा प्रश्न उरलाच. ज्यू, रशियन आणि चिनी यांचं काही करता येण्यासारखं नव्हतं. ते गावात राहत नव्हते.

मुकादम राहत होते.

"आणि आपण?" स्वामींनी विचारलं.

"आपण म्हणजे?"

"आपला देश, आपला धर्म. त्यांचा दिवस कोणता होता?"

"सभागृह पाचच दिवस मिळालं होतं, महाराज."

स्वामींनी आणखी एक रातांबा फोडला.

मुळ्यांनी समोर ठेवलेला रातांब्याच्या सरबताचा पेला उचलला. चढण चढून आल्यामुळे त्यांना तहान लागली होती.

"मुसलमान किती जण ओळखतोस तू?"

"जवळून म्हणाल तर एक. मुकादम."

"माणूस कसा आहे?"

"आजवर तरी सरळ. बावीस वर्षांत एक पुस्तक हरवू दिलं नाही. पण ते अपवाद."

"एकच ओळखतोस आणि तोच अपवाद?"

"नियम पुस्तकांतून कळतो, महाराज."

"आपल्या लोकांत लबाड किती?"

मुळ्यांनी बोटं मोजायला घेतली. एक हात पुरला नाही, दुसरा घेतला. मग सावध होऊन दोन्ही हात मांडीखाली घातले.

"पण ते अपवाद," ते म्हणाले.

पुढचा प्रश्न येण्याआधीच त्यांनी पिशवीतून वही काढली. तिच्यात दोन आठवड्यांची टिपणं होती. तारीख, वेळ, हालचाल. मुकादमांवर नजर ठेवायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, पण कोणी सांगितल्याशिवाय केलेलं काम मुळ्ये नेहमीच अधिक मन लावून करत.

"यात सगळं आहे. आपलंही नाव आहे, महाराज. पान सात. गुरुवारी सकाळी मठाच्या पायरीवर मुकादमांच्या चपला होत्या."

हे सांगताना मुळ्यांनी स्वामींच्या चेहऱ्यावर डोळे रोखले. तरुणपणी चार वर्षं याच चेहऱ्यासमोर बसून ते शास्त्रार्थ शिकले होते. पण दिवस असे होते की गुरूलाही एकदा तपासून घ्यावं.

"आले होते," स्वामी म्हणाले. "टोपलीभर रातांबे घेऊन. यंदा त्यांच्या परसात झाड लवलंय."

मुळ्यांनी पेला खाली ठेवला. सरबत अर्धं संपलं होतं. बाकीच्या अर्ध्याचं आता काही करता येत नव्हतं.

"सही देतो," स्वामी म्हणाले.

"देता?"

"देतो. इथली रीत तेवढी पुरी कर."

स्वामींनी ओटीकडे मान वळवली. तिथे समोरासमोर दोन चटया अंथरलेल्या असत. मठाची रीत जुनी होती. ज्याला खोडून काढायचं त्याची बाजू आधी स्वतः मांडायची. तो हजर नसेल तर त्याच्या आसनावर बसून, त्याच्या तोंडून बोलायचं, आणि तेही असं की तो ऐकत असता तर मान डोलावून म्हणाला असता, हो, हेच. याला पूर्वपक्ष म्हणत. तो पुरा होईपर्यंत विरुद्ध बोलायची परवानगी नसे.

मुळ्यांचा यात हातखंडा होता. विशीत असताना त्यांनी चार्वाकाची बाजू अशी मांडली होती, की ऐकायला बसलेले एक भिक्षुक सोवळ्यातच उठून बाजारात चहा प्यायला गेले.

"ती रीत शास्त्रांसाठी आहे, महाराज. जिवंत माणसाला कशी लावायची?"

"शास्त्राला कोणी कामावरून काढत नाही."

मुळ्ये ओटीवर गेले. भिंतीकडच्या चटईवर मांडी घालून बसले. घड्याळ पाहिलं. चार वाजायला दहा मिनिटं होती. चार्वाकाला पाऊण तास लागला होता, मुकादमांना दहा मिनिटं पुष्कळ झाली.

"मी शमशुद्दीन मुकादम," त्यांनी सुरुवात केली. "मी वरकरणी गोड बोलतो, पण माझं मन तिकडे…"

"थांब. स्वतःबद्दल असं कोण बोलतं?"

मुळ्यांनी विचार केला.

"मी शमशुद्दीन मुकादम. मी एक सच्चा, देशभक्त…"

"असं बोलतात मुकादम?"

"…नाही. ते फार बोलतच नाहीत."

"याचीही नोंद असेल."

"आहे. पान चार."

स्वामी उठले. रांजणातलं पाणी न घेता, लाल हातांनीच येऊन समोरच्या चटईवर बसले. ती मुळ्यांची चटई. मग त्यांनी मुळ्यांची वही मांडीवर उघडली, मान थोडी तिरकी केली आणि खाकरले. हुबेहूब मुळ्ये खाकरतात तसे.

मुळ्यांना ते आवडलं नाही. आपण असे खाकरतो हे त्यांना कोणी कधी सांगितलं नव्हतं.

"मुकादम," स्वामी म्हणाले, "वाचनालयाची वेळ आठची. तुम्ही पावणेआठला दार उघडता. आत पंधरा मिनिटं काय करता?"

"झाडतो," मुळ्ये म्हणाले. "शिपाई निवृत्त झाला, त्याच्या जागी दुसरा कोणी नेमला नाही. आणि आठला दार उघडं नसलं तर चिटणीस मुळ्ये पायरीवर उभे राहून घड्याळ दाखवतात."

"कसे आहेत हे मुळ्ये?"

"…बरे आहेत. स्वभाव जरा…"

"राहू दे. पुढचं." स्वामींनी लाल बोटानं पान उलटलं. पानावर डाग पडला. "कोणी आत आलं की तुम्ही वर्तमानपत्र मिटून ठेवता. सहा वेळा नोंद आहे. लपवता काय?"

"लपवत नाही. मी वाचत असलो की लोक मागे येऊन उभे राहतात."

"मग?"

"ते बातमी वाचत नाहीत, माझं तोंड वाचतात. कुठल्या ओळीला मी खूश होतो, ते बघतात. तिकडे बॉम्ब पडतो आणि इकडे मी चष्मा पुसला तरी…"

मुळ्ये थांबले. चष्मा पुसल्याची नोंद पान पाचवर होती. ती त्यांनीच, मागे उभं राहून घेतली होती.

अंगणातल्या सालांवर कावळा उतरला. स्वामींनी त्याला हाकललं नाही.

"मुख्य ते राहिलंच," स्वामी पुन्हा मुळ्यांच्या आवाजात म्हणाले. "नकाशा."

मुळ्ये सावरून बसले. हा त्यांचा हुकमी पुरावा होता. वाचनालयाच्या भिंतीवर जगाचा नकाशा होता. एखादं बंदर जळाल्याची बातमी आली की मुळ्ये स्वतः स्टुलावर चढून तिथे लाल डोक्याची टाचणी टोचत. गावाला लढाई कळावी म्हणून. नऊ तारखेला दुपारी त्यांनी एक टाचणी टोचली. दहाला ती नव्हती. त्यांनी पुन्हा टोचली. अकराला पुन्हा नव्हती. तिसऱ्यांदा टोचून बारा तारखेला सकाळी ते कपाटाआड उभे राहिले, आणि त्यांनी मुकादमांना ती उपटताना डोळ्यांनी पाहिलं.

त्या नोंदीखाली त्यांनी दोन रेघा मारल्या होत्या. 'शत्रूची हानी लोकांपासून दडविण्याचा उघड प्रयत्न. कोणता शत्रू, ते तपासणे.'

"बाकीच्या टाचण्यांना तुम्ही हात लावला नाहीत, मुकादम. त्या एकाच बंदराची टाचणी तीनदा काढलीत. का?"

"कारण…"

मुळ्यांनी उत्तरासाठी तोंड उघडलं. वादात त्यांचं उत्तर कधी अडत नसे. प्रतिपक्षाचं तर नाहीच.

"कारण तिथे…"

"बोला."

"तिथल्या गोदीत माझा अश्फाक फिटर आहे."

"हे कोणाला ठाऊक आहे?"

"मुळ्यांना ठाऊक आहे."

"कसं?"

"त्याचा पासपोर्टचा अर्ज त्यांनीच भरला. माझं इंग्रजी बेताचं. त्यांनी टेबलाशी बसवून घेतलं, चहा मागवला. बंदराचं नाव त्यांनीच लिहिलं, मोठ्या अक्षरांत, एकेका चौकोनात एकेक. म्हणाले, मुकादम, चिंता करू नका, पोरगा नाव काढील."

"त्याची काही खबर?"

"सतरा दिवस झाले. पत्र नाही, फोन नाही. सकाळी झाडायला आत जातो तर समोर ती टाचणी. ती काढली म्हणजे…"

"म्हणजे?"

"म्हणजे दुपारपर्यंत तरी ते बंदर…"



मुळ्ये भिंतीला टेकले. मग आपण टेकलो आहोत हे ध्यानात येऊन ताठ झाले. ते स्वामींकडे संशयानं पाहू लागले. हे सगळं स्वामींनी त्यांच्याकडून वदवून घेतलं होतं काय? पण स्वामी तर फक्त वहीतलं वाचत होते. मग वहीकडे पाहिलं. अक्षर त्यांचंच होतं. आता संशय घ्यायला ओटीवर एकच माणूस उरला होता.

स्वामींनी वही मिटली आणि हात पुढे केला.

"रीत चांगली पाळलीस. कागद आण, सही करतो."

मुळ्ये हलले नाहीत. कागद त्यांच्या खिशात होता. त्यांनी खिशावर हात ठेवला, जसा गर्दीत ठेवतात तसा.

"आपले हात खराब आहेत, महाराज," ते म्हणाले. "कागदाला डाग पडेल."

"पडू दे."

"सरकारी… म्हणजे, दप्तरी राहणारा कागद आहे. डाग चालत नाही."

"मग हात धुतो."

"नको," मुळ्ये घाईनं म्हणाले. "पाणी… आता कुठे उठता."

स्वामी हात पुढे केलेला तसाच ठेवून बसले.

खालच्या रस्त्यानं कोणीतरी सायकलवरून सभेची आठवण करून देत गेलं. "पाचला हं! पाचला! सगळ्यांनी यायचं!" आवाज वळणावरून पलीकडे गेला.

मुळ्यांनी घड्याळ पाहिलं. साडेचार होऊन गेले होते. दहा मिनिटांचं काम होतं.

"मला निघायला हवं," ते म्हणाले, आणि एक गुडघा उभा केला. "अकरा जणांनी सह्या केल्यात, पण ठराव माझ्या नावावर आहे. मी पोचलो नाही, तर मांडायला दुसरं कोणी नाही. सभा तशीच उठेल."

स्वामींनी दुसऱ्या हातानं वही बाजूला ठेवली.

"आणि आज उठली की पुढची दिवाळीनंतर…"

मुळ्ये एका गुडघ्यावरच थांबले. "महाराज, मी जाऊ ना?"

स्वामींनी पुढे केलेला हात मागे घेतला.

"बस, त्र्यंबक. त्यांचं बोलणं अजून संपलेलं नाही."