रंभाजीची पारख

द्राक्षांच्या मळ्यांनी वेढलेल्या एका गावात एक भोळा नवरा राहत होता. त्याचं नाव रंभाजी. मनाने निर्मळ, कामाला वाघ. फक्त सांगाल तेवढंच करायचा, आणि सांगाल तसंच करायचा.

किराणा दुकानाचा मालक एकदा त्याला म्हणाला, "मी जेवून येतो, तू दुकानाकडे बघ." रंभाजी रस्ता ओलांडून पलीकडे गेला आणि दुकानाकडे बघत उभा राहिला. लोक आले, सामान घेऊन गेले. मालक परतला तेव्हा रंभाजी म्हणाला, "शेठ, पापणीसुद्धा हलवली नाही." ती नोकरी गेली. पुढचीही गेली.

त्याच्या बायकोचं नाव सगुणा. तिने सोळा सोमवारांचं व्रत धरलं. मागणं एकच होतं. "महादेवा, पैसाअडका नको, दागिना नको. यांना कुठे तरी एका जागी टिकू दे."

सगुणा सुलभाताईंच्या मळ्यात छाटणीला जायची. माळावर ताईंची छोटीशी वाईनरी होती. तिथे दोनच वाईन व्हायच्या. एक शार्डोने, कोवळ्या उन्हाच्या रंगाची. दुसरी पिनो न्वार, डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल, आरपार दिसणारी. सुट्टीच्या दिवशी शहरातली माणसं यायची, सावलीत बसायची, दोन्हींची चव घ्यायची आणि आवडली तर बाटली विकत न्यायची. सगुणाच्या शब्दाखातर ताईंनी रंभाजीला ठेवून घेतलं.

पहिल्या दिवशी निघताना सगुणाने त्याच्या कपाळाला अंगारा लावला. "अहो, ताई सांगतील ते नीट ध्यानात ठेवा. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगायची वेळ आणू नका."

"नाही आणणार," रंभाजी म्हणाला. आणि त्याने खरंच कधी आणली नाही. तिथेच सगळा घोळ झाला.

त्या दिवशी पुण्याची मंडळी आली होती. ताई म्हणाल्या, "रंभाजी, पाहुण्यांना शार्डोने दे. भरभरून ओतू नकोस हो. चवीपुरती. अगदी तीर्थाएवढी. कळलं?"

"कळलं, ताई."

रंभाजी घरी पळाला. देवघरातलं पंचपात्र आणि पळी घेऊन आला. पाहुण्यांसमोर उभा राहून म्हणाला, "उजवा हात पुढे करा."

पाहुण्यांनी हात पुढे केले. त्याने प्रत्येकाच्या तळहातावर एक एक पळी शार्डोने घातली. सवयच ती, सगळ्यांनी डोळे मिटून प्यायली आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. एक आजोबा तर म्हणाले, "थोडं हिलाही द्या, हिचा उपास आहे."

ताईंनी कपाळावर हात मारला. "अरे, पेल्यात द्यायची! पेला दांड्याला धरायचा, गोल गोल फिरवायचा, नाक आत घालून वास घ्यायचा, आणि मग एक घोट. घाई करायची नाही. कळलं?"

"कळलं, ताई."

दुसऱ्या दिवशी ताईंचे सासरे आप्पा ओसरीवर पेपर वाचत बसले होते. पांढरं शुभ्र धोतर, नुकतंच इस्त्रीचं. "रंभाजी, चहा आण रे."

रंभाजीने चहाचा कप आणला. कपाचा कान धरला आणि कप गोल गोल फिरवला. निम्मा आप्पांच्या धोतरावर गेला. मग त्याने कपात नाक घातलं, डोळे मिटले आणि एक घोट घेतला. घाई केली नाही.

"आलं आहे," तो म्हणाला. "शेवटी शेवटी वेलची येते." आणि उरलेला चहा आप्पांच्या हातात दिला.

आप्पा धोतर झटकत नाचत होते. ताई धावत आल्या. "अरे, गरम वस्तू अशी देतात का माणसाला? भाजले असते ना ते! आधी चांगलं गार करायचं, मग द्यायचं. कळलं?"

"कळलं, ताई."

रविवारी पाहुण्यांनी पिनो न्वार मागितली. रंभाजीने सकाळपासूनच तयारी केलेली होती. बाटल्या बर्फाच्या कप्प्यात होत्या. एक आणून त्याने बूच सैल केलं आणि ती पेल्यावर उलटी धरली. काही पडेना. हलवली. काही पडेना. तेवढ्यात बूच उडालं आणि त्यामागून लाल बर्फाची कांडी बाहेर डोकावली.

"ताई," रंभाजी आनंदाने म्हणाला, "आता कुणी भाजणार नाही."

पाहुण्यांमधल्या एका बाई हसून हसून खुर्चीवरून घसरल्या. ताईंना मात्र रडू की हसू, काही कळेना. "अरे बाबा, शार्डोने गार लागते. ही लाल वाईन इतकी गार करायची नसते, मुकी होते ती. तिचं बूच आधी काढून ठेवायचं. जरा मोकळा श्वास घेऊ द्यायचा. मग तिचा वास फुलतो. कळलं?"

"श्वास," रंभाजी म्हणाला. "कळलं, ताई."

घरी आल्यावर त्याने सगुणाला सगळं सांगितलं. सगुणाने दिव्याची वात पुढे सरकवली. "महादेवा, एवढे सोमवार पार पाडलेस. उरलेलेही पार पाड रे."

मग इंदूरचे एक शेठजी आले. त्यांनी दोन्ही वाईन चाखल्या, मान डोलावली. लेकीच्या लग्नात व्याह्यांना द्यायला पिनो न्वारची खोकी घेतली. ताईंचा चेहरा फुलला. "रंभाजी, शेठजींच्या गाडीत नीट ठेव हो. लांबचा प्रवास आहे."

लांबचा प्रवास. रंभाजीने खोकी उघडली. एवढ्या लांबवर बंद बाटलीत बिचारीचा जीव गुदमरेल. त्याने एकेक बाटली काढली, तिचं बूच काढलं, आणि पुन्हा खोक्यात उभी करून ठेवली. गाडीची काचही थोडी खाली केली.

गाडी माळावरून उतरली. पहिला खड्डा आला. मग दुसरा. गावाच्या वेशीपर्यंत शेठजींच्या गाडीतून लाल धार लागली होती, आणि गावातली माणसं धावत होती, "अहो थांबा, कुणाला लागलं का?"

शेठजी परत आले. त्यांच्या पायातले मोजेसुद्धा पिनो न्वारचे झाले होते. ताईंनी माफी मागितली, नवी खोकी दिली, गाडी धुऊन दिली. शेठजी गेल्यावर त्या पायरीवर बसल्या.

"रंभाजी, बाटली ठेवायची कशी, ते तरी शीक. बूच घट्ट. बाटली आडवी. जागा थंड आणि अंधारी. कुणाचा धक्का लागता कामा नये, दाराला कुलूप. बस. एवढंच." मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "सगुणाचं उद्यापन सोमवारी आहे म्हणून तोवर ठेवते. आता आणखी एक चूक झाली तर माझा नाइलाज आहे. कळलं?"

"कळलं, ताई," रंभाजी म्हणाला. या वेळी त्याचा आवाज जरा ओला होता.

उद्यापनाच्या आदल्या दिवशी मुंबईहून शिरगावकर साहेब यायचे होते. एका मोठ्या हॉटेलासाठी वाईन निवडणं हेच त्यांचं काम. त्यांनी पसंत केली तर ताईंच्या वाईनरीला चार वर्षं मागे वळून बघायला नको. ताई सकाळपासून आतबाहेर करत होत्या. भाजी आणायला गावात निघाल्या तेव्हा रंभाजीला म्हणाल्या, "मी आलेच. तेवढ्यात साहेब आले तर त्यांना जप हो. आपल्या बाटल्यांना जपतोस ना, तसं जप."

"कळलं, ताई."

साहेब आले. घाटातल्या वळणांनी त्यांचं डोकं ठणकत होतं, उन्हाने चेहरा उतरला होता.

"या साहेब," रंभाजी म्हणाला. "आडवे व्हा."

"अहो, पण ताई कुठे आहेत?"

"ताईंनीच सांगितलंय."

त्याने साहेबांना तळघरात नेलं. पिंपांच्या मधे गोणपाट अंथरून त्यांना आडवं केलं. साहेबांची टोपी कानापर्यंत घट्ट दाबली. बूच झालं. दिवा मालवला. अंधार झाला. बाहेर येऊन कुलूप लावलं आणि धक्का लागू नये म्हणून दारासमोर स्वतः बसून राहिला.

ताई आल्या. अंगणात गाडी होती, माणूस नव्हता.

"रंभाजी, साहेब कुठे?"

"ठेवलेत."

"ठेवलेत म्हणजे? कुठे ठेवलेत?"

"शार्डोनेच्या शेजारी. आडवे. बूच घट्ट आहे."

ताईंच्या हातातली भाजीची पिशवी खाली पडली. त्यांनी कुलूप उघडलं. आत साहेब घोरत होते. दिव्याच्या उजेडाने जागे झाले, टोपी वर सरकवली आणि इकडेतिकडे पाहिलं.

"साहेब, चुकलं हो," ताई हात जोडून म्हणाल्या. "हा आमचा..."

"काय सुरेख जागा आहे!" साहेब म्हणाले. "मुंबईत अशी झोप कुठे मिळते? डोकं पार उतरलं. आता इथेच चव घेऊ."

तिथेच त्यांनी शार्डोनेचा पेला धरला. फिरवला. हुंगला. घोट घेतला आणि तो तोंडात कितीतरी वेळ घोळवला. "हापूसची साल सोलताना येतो तसा वास आहे. मागून किंचित भाजलेल्या बदामाचा. छान." मग पिनो न्वार. "ही तर हलकी, नाजूक. पहिल्या पावसाआधीची जांभळं, आणि खाली ओली माती. घाईने प्यायची नव्हे ही. गप्पा मारत घ्यायची."

एवढं म्हणून त्यांनी आणखी एक घोट घेतला, घोळवला आणि बाजूच्या बादलीत पिचकारी मारली.

रंभाजीने बादलीत वाकून पाहिलं. "ताई," तो ताईंच्या कानाशी लागला, "साहेब थुंकले!"

"अरे गप," ताई कुजबुजल्या. "जाणकार माणसं असंच करतात. तोंडात घोळवायचं, चव सगळी मनात साठवायची, आणि गिळायचं नाही, बादलीत टाकायचं. उत्तम वस्तूची पारख अशीच असते. कळलं?"

रंभाजीने साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं. केवढं समाधान होतं त्यावर. "कळलं, ताई."

साहेबांनी दोन्ही वाईन पसंत केल्या. ताईंनी गजाननाच्या तसबिरीला हात जोडले. रंभाजी पुढे झाला. "ताई, उद्या आमच्याकडे उद्यापन आहे. साहेबांनाही घेऊन या. आणि माझ्या नोकरीचं...?"

"ते उद्या येऊन सांगते," ताई म्हणाल्या. साहेबांना कुलूप लावणाऱ्या माणसाचं काय करावं, हे त्यांचं त्यांनाच अजून ठरवता येत नव्हतं.

सोमवारी सगुणाचं घर सारवून लख्ख होतं. पाटावर महादेवाची पिंड, पिंडीवर बेलाची पानं. पूजा झाली, आरती झाली. गुरुजी, साहेब, ताई, आप्पा, शेजारच्या भागाकाकू, सगळे बसले होते. सगुणाने साजूक तुपातला चुरमा स्वतःच्या हाताने केला होता, गूळ घालून, वेलची घालून. ज्यांच्यासाठी व्रत केलं त्यांनी पहिला घास घ्यायचा, असं तिच्या माहेरी होतं. तिने वाटी रंभाजीच्या हातात दिली आणि पदराशी चाळा करत उभी राहिली.

रंभाजीने वाटीकडे पाहिलं. साहेबांकडे पाहिलं. ताईंकडे पाहिलं. आज आपली परीक्षा आहे, हे त्याला समजत होतं.

त्याने वाटी गोल गोल फिरवली. नाक आत घातलं. डोळे मिटले. घास घेतला. घोळवला. पुष्कळ वेळ घोळवला. मग कोपऱ्यातली पाण्याची बादली जवळ ओढली आणि त्यात चुरमा थुंकला.

गुरुजींचं उपरणं खांद्यावरून घसरलं. भागाकाकू म्हणाल्या, "अगंबाई! गेलं व्रत पाण्यात!" सगुणाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"अहो," ती म्हणाली, "इतका का वाईट झालाय?"

"वाईट?" रंभाजीचा चेहरा उजळला होता. "सगुणे, शंभू महादेवाची शपथ! इतकं थुंकण्याजोगं मी जन्मात काही खाल्लं नाही!"

आधी साहेबांचं हसू फुटलं. मग ताईंचं. मग आप्पा असे हसले की त्या चहाचा सगळा राग वाहून गेला. ताई डोळे पुसत म्हणाल्या, "सगुणा, रडू नकोस गं. तुझ्या चुरम्याला त्याने पहिला नंबर दिलाय. आणि रंभाजी, तुझी नोकरी पक्की. असा मन लावून ऐकणारा माणूस मला कुठे मिळायचा? कसं सांगायचं ते मलाच शिकायला हवं."

सगुणा रडता रडता हसली. त्याच वेळी पिंडीवरचं एक बेलपान अलगद खाली घरंगळलं. आप्पा म्हणाले, वाऱ्याने. सगुणा अजून म्हणते, देवाने कौल दिला, आणि देतादेता तोही हसला.

रंभाजीने ते पान भक्तिभावाने उचललं. दांड्याला धरलं. गोल गोल फिरवलं. नाकाशी नेलं. तोंड उघडलं, आणि दुसऱ्या हाताने बादली जवळ ओढली.