तिसरी विचारपूस

"तिनं तुला काय विचारलं?"

"तिनं? बाई, प्रश्न तर मी विचारायचे होते."

बाई म्हणजे कारखानीस बाई, आमच्या आफ्रिका अभ्यास विभागाच्या प्रमुख. उत्तर देणारा धनंजय मिराशी, त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. आणि मी शांताराम, विभागाचा शिपाई. कपाटाशी उभा राहून नैरोबीची वर्तमानपत्रं लावत होतो. तीन आठवडे शिळी यायची ती. आम्हाला ताजीच वाटायची.

"सत्तेचाळीस प्रश्न नेले होते," मिराशी म्हणाला. "चाळीस मिनिटांत संपले. हो, नाही, आठवत नाही... बस्स. म्हातारीला काही माहीत नाही, बाई."

"हं."

म्हातारी म्हणजे बीबी झुहूरा. झांजिबारची. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी इथे भाच्याकडे येऊन राहिली होती. तिचे वडील लवंगांनी भरलेलं गलबत घेऊन आपल्या कोकणातल्या बंदरांत यायचे. मिराशीचा पीएच.डी.चा विषय नेमका हाच, म्हणून बाईंनीच त्याला तिच्याकडे धाडलं होतं.

"मग सही करताय ना?" मिराशीनं विचारलं.

टेबलावर त्याचा अर्ज पडला होता. दार-एस-सलामच्या विद्यापीठात दोन वर्षं, सगळा खर्च त्यांचा, आणि आपल्याकडून जागा एकच. चारच्या टपालाने अर्ज जायलाच हवा होता, नाहीतर बोंबललं सगळं. बाकी कागद तयार होते. बाईंच्या शिफारसपत्रावर तेवढी सही नव्हती.

बाईंनी पेन हातात घेतलं... आणि तसंच धरून ठेवलं.

खरं सांगतो, मला मनातून बरं वाटलं. थोडी जिरू दे म्हटलं याची.

कारण हा पोरगा मी पहिल्या दिवसापासून बघितलेला. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आला तेव्हा डोक्याला चपचपीत तेल, हातात डबा. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या चार खोल्या, भिंतीवर आफ्रिकेचा एवढा मोठा जुना नकाशा. एखाद्या देशाचं नाव बदललं की बाई नव्या नावाची चिठ्ठी लिहायच्या आणि मी ती खळीनं जुन्या नावावर चिकटवायचो. काही ठिकाणी तीन-तीन चिठ्ठ्या, नकाशाला नुसती टेंगळं आलेली. त्या नकाशासमोर उभं राहून यानं विचारलं होतं, "बाई, आफ्रिकेची भाषा कोणती?"

बाई म्हणाल्या, "तू आधी मला भारताची सांग."

केवढा लाजला होता! पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन बसला. मग बी.ए.ला पहिला, एम.ए.ला सुवर्णपदक, एम.फिल.ला तर परीक्षकांनी पाठ थोपटली. पोरगा अभ्यासाला वाघ, त्यात वाद नाही. पण बी.ए.ला मी त्याचा 'मामा' होतो. एम.ए.ला 'शांताराम' झालो. एम.फिल. झाल्यावर हा नुसतं बोट करायला लागला, ते पुस्तक, ती फाइल.

आता तो विभागही नाही. दुसऱ्या कुठल्या विभागात मिसळून टाकला म्हणे. नकाशाचं काय केलं देव जाणे. मी निवृत्त होऊन वर्षं झाली, तरी सकाळी साडेदहा वाजले की कुणीतरी जिन्यातून "हबारी, शांताराम?" म्हणत खबर विचारेल असं वाटतं, आणि जीव कासावीस होतो.

असो. त्या दिवसाचं सांगत होतो.

"बीबी झुहूरांनी काहीच विचारलं नाही तुला?" बाई पुन्हा म्हणाल्या.

"तसं विचारलं. घरचं कसं आहे, आई कशी आहे, प्रवास कसा झाला. मी म्हटलं, छान. मग पुन्हा तेच. काम कसं चाललंय, घरचे कसे आहेत... म्हटलं, छान, छान. तिसऱ्यांदा सुरू झाली तेव्हा मी वही उघडली आणि पहिला प्रश्न घातला. वय झालंय हो. विसरते."

बाई हसल्या. मोठ्याने नाही, नाकातल्या नाकात.

"शांताराम," त्यांनी हाक मारली. "हबारी?"

म्हणजे, काय खबर? बावीस वर्षं रोज सकाळी आमचं हे चालायचं. बाई तिकडे राहून आल्या होत्या ना, तिथलीच सवय; तिकडे एकदा विचारून भागत नाही. मला तेवढी स्वाहिली येते.

"न्झुरी, बाई," मी म्हटलं. म्हणजे, छान.

"हबारी झा न्युंबानी?" घरची काय खबर?

"न्झुरी."

बाई थांबल्या. मिराशी घड्याळाकडे बघत होता.

"मंदा कशी आहे, शांताराम?"

मंदा म्हणजे माझी बायको. मला सांगायचं नव्हतं. या शिष्टासमोर तर मुळीच नाही. पण बाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि निघालं तोंडातून.

"बाई, सकाळी तिला अंथरुणातून उठताच येईना. मी उचलून बसवली. पाठीचा कणाच गेलाय म्हणतात डॉक्टर... मी काय करू, कळत नाही."

वर्तमानपत्रं उगाच पुन्हा सारखी केली.

"उद्या येऊ नकोस," बाई म्हणाल्या. "तिला माझ्या ओळखीच्या डॉक्टरांकडे ने. मी फोन करते."

मग त्या मिराशीकडे वळल्या.

पोराचा चेहरा उतरला होता. हुशारच तो, सगळं समजलं त्याला. खाली बघत पुटपुटला, "ती तिसऱ्यांदा विचारत होती..."

"हं."

"मी तेव्हाच वही उघडली."

"हं."

"मी उद्या पुन्हा जातो त्यांच्याकडे. वही न घेता." मग अर्जाकडे बघून म्हणाला, "सही राहू द्या, बाई. माझी लायकी नाही."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि झर्रकन सही केली. खाली शिक्का मारला. अर्ज त्याच्यापुढे सरकवला.

तो बघतच राहिला. मीही.

"घे. साडेतीन होऊन गेले."

त्यानं अर्ज उचलला. आनंदाने उड्या मारायला हव्या होत्या, सात वर्षं याचीच वाट बघत होता. पण तो दारापर्यंत गेला आणि तिथेच घुटमळला.

"आई कशी आहे, धनंजय?" बाईंनी विचारलं.

"छान आहे."

आता इथे माझी एक चुगली सांगायला हवी. मिराशीच्या आईची पत्रं लांज्याहून विभागाच्याच पत्त्यावर यायची. अक्षर तिरकं, वेलांट्या अशा लांब की वरच्या ओळीत घुसायच्या. टपाल मीच वाटायचो, ते अक्षर मी झोपेतही ओळखलं असतं. पण शेवटच्या तीन पाकिटांवर पत्ता दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेला होता. आणि ती तिन्ही पाकिटं यानं न फोडता फाइलीत खुपसून ठेवली होती. हटकलं तर म्हणे, अर्ज गेला की बघतो. मला राहवलं नाही, सोमवारी बाईंच्या कानावर घातलं.

"घरचे सगळे?" बाईंनी विचारलं.

"छान..."

पण आवाज नेहमीचा नव्हता. फाइल त्यानं छातीशी घट्ट धरली होती, आणि पाकिटांचे कोपरे बाहेर डोकावत होते. घड्याळात पावणेचार होत आले. टपाल हपिस खालच्या चौकात. निघाला असता तर आरामात पोचला असता.

तो परत आला आणि खुर्चीत बसला.

आता सांगायला लाज वाटते, पण इतका वेळ त्याची जिरावी म्हणून टपून बसलेलो मी, माझेच डोळे भरून आले. पहिल्या दिवसाचा तो तेल चोपडलेला पोरगा होता तो. मी पुढे झालो आणि त्याच्या हातातला अर्ज काढून घेतला.

"मी टाकतो टपालात. तू बस."

"मामा..." तो म्हणाला. किती वर्षांनी!

मी बाहेर पडलो, पण उंबऱ्याशी पाऊल अडलं. मागे वळून पाहिलं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता. त्या उठल्या, आपली खुर्ची ओढत टेबलाच्या या बाजूला आणली आणि त्याच्या शेजारी बसल्या.

"हं," त्या म्हणाल्या. "आई कशी आहे, धनंजय?"