खिंडीतली दुरुस्ती

एकदा एका तालुक्याच्या गावाने ठरवले, की रविवारी सकाळी सगळ्यांनी मिळून सायकलवरून धरणापर्यंत जायचे. शर्यत नव्हती, फक्त पोचायचे होते. वाटेतल्या दुरुस्तीची जबाबदारी नारोबा मिस्त्रींच्या सायकल दुकानाने आपणहून घेतली. आयोजकांनी त्यांना चौकात, कमानीखाली, अगदी मोक्याची जागा देऊ केली. वृद्ध नारोबांनी ती नम्रपणे नाकारली आणि हत्यारांची पेटी, पाण्याचा माठ व एक बाकडे घेऊन ते थेट खिंडीच्या चढावर जाऊन बसले.

त्यांचा शिष्य शिवलिंग मनातून खट्टू झाला. कारखान्यातली नोकरी सोडून तो ही विद्या शिकायला आला होता. पुढेमागे स्वतःचे दुकान थाटायचे, तर चार लोकांनी आपल्याला पाहायला नको? इथे पाहायला होती ती माकडे.

पण सायकलस्वार चढावर दिसू लागले आणि नवल घडले. एकामागून एक सायकली बिघडू लागल्या. कुणाची चेन अडकत होती, कुणाचे चाक जड फिरत होते. नारोबा प्रत्येकाला बाकड्यावर बसवीत, पाणी देत, चाक उचलून गरगर फिरवीत आणि आधीच घट्ट असलेला नट अतिशय गंभीरपणे आवळीत. "झालं. आता पळेल." आणि ती खरोखरच पळे.

इतक्यात बँकेतून निवृत्त झालेले दाभोळेसाहेब आले. नवीकोरी सायकल, हातमोजे, काळा चष्मा. चेहरा मात्र भट्टीतून काढल्यासारखा. "गिअर नीट पडत नाहीये," ते धापा टाकत म्हणाले. शिवलिंगला आता राहवेना. त्याने गिअर तपासला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला, "साहेब, सायकल ठणठणीत आहे. तिला काहीही झालेलं नाही!"

बाकड्यावरची मंडळी एकाएकी आपापल्या बुटांकडे पाहू लागली.

दाभोळेसाहेबांनी हातमोजे काढले. "मग मी परत जातो," ते हळूच म्हणाले. "बायको धरणावर डबा घेऊन थांबलीय. 'तुम्हाला जमायचं नाही', असं ती म्हणालीच होती." त्यांनी सायकल उताराकडे वळवली.

नारोबांनी शिवलिंगला बाजूला ओढले. "अरे, सायकल तपासलीस, माणूस कोण तपासणार? चारचौघांत 'दमलो' म्हणायची माणसाला लाज वाटते. सायकलीला कसली आलीय लाज? दोष तिच्यावर ढकलला, की माणूस घटकाभर निवांत बसतो आणि पुढे जातो. आपण इथे बसलोय ते त्याच्यासाठी."

शिवलिंग उतारावर धावला. "साहेब, थांबा! माझ्या लक्षात आलं नाही. मागचा ब्रेक चाकाला घासतोय. असल्या सायकलवर तुम्ही इथवर आलात तरी कसे?"

"मी म्हणत नव्हतो?" साहेब म्हणाले.

"बसा. जरा वेळ लागेल."

आणि शिवलिंगने वेळ लावला. चाक फिरवले, कान लावला, मान हलवली, पुन्हा फिरवले. साहेबांची धाप ओसरेपर्यंत त्याने पाना खाली ठेवला नाही.

दुपारी गुरुशिष्य धरणावर पोचले, तेव्हा दाभोळेसाहेब थालीपीठ खात मंडळींना सांगत होते, "ब्रेक घासत होता हो, नाहीतर पहिलाच आलो असतो!"

त्यांच्या पत्नीने शिवलिंगला हळूच विचारले, "खरंच बिघडली होती का हो सायकल?"

"चांगलीच, काकू."

काकूंनी क्षणभर त्याच्याकडे पाहिले, आणि डब्यातले सर्वांत मोठे थालीपीठ त्याच्या हातावर ठेवले.