होडीला काही लागता कामा नये!

"रंग की कापड? एकदाचं ठरवा!" तांबळकोटचे हंबीरराजे झोपाळ्यावरून ओरडले.

राजांची नवी होडी तयार होऊन किनाऱ्यावर पडली होती आणि तिच्या बुडाला काय लावायचं यावर दरबारात भांडण पेटलं होतं. दिवाणजी म्हणत, रंग लावा. त्यांच्या जावयाची रंगाची भट्टी होती. राणीसाहेबांचे बंधू मामासाहेब म्हणत, मेणकापड गुंडाळा. त्यांच्याकडे मेणकापडाचे गठ्ठे धूळ खात पडले होते.

"रंग लाकडात मुरतो!" दिवाणजी म्हणाले. "होडी म्हणजे काय गादी आहे, खोळ घालायला?"

"आणि होडी म्हणजे काय कुडाची भिंत आहे, सारवायला?" मामासाहेब कडाडले. "रंगाचे पापुद्रे निघतात! माझं कापड कंटाळा आला की सोला, दुसरं चढवा!"

"कडेने पाणी शिरलं की आत लाकूड कुजेल, ते कोण सोलणार?"

राजांचं डोकं पिकलं. त्यांना खरं तर झोपाळा सोडून कशातच बसायची हौस नव्हती. होडीत तर मुळीच नाही. कारण राजांना होडी लागायची! पाण्यावर जरा पुढे गेलं की पोटात ढवळायचं, चेहरा कैरीसारखा हिरवा व्हायचा. लिंबू हुंगत हुंगत ते कसेबसे परत यायचे. सगळ्या बंदराला हे ठाऊक होतं आणि सगळं बंदर "महाराजांना ऊन बाधलं" असं म्हणायचं. पण समुद्रकाठचा राजा आणि होडी नाही, हे शोभतं का?

शेवटी राजांनी होडी बांधणाऱ्या धाकू मेस्तांना बोलावलं. मेस्तांच्या मागोमाग त्यांची मुलगी आवडीही आली.

"ऐका मेस्त! रंग लावला तर मेहुणे रुसणार, कापड लावलं तर दिवाणजी. तेव्हा होडीच्या बुडाला काही लागता कामा नये! रंग नाही, कापड नाही, शेवाळ नाही, कालवं नाहीत. नारळी पौर्णिमेला आम्ही स्वतः बुडावरून हात फिरवून बघणार. काही लागलेलं दिसलं, तर तुमची स्वतःची होडी फोडून आमच्या आंघोळीच्या बंबात घालू!"

मेस्तांना घाम फुटला. त्या होडीवर तर घर चालत होतं! आणि नुसतं लाकूड पाण्यात ठेवलं की शेवाळ, कालवांचे शिंपले चिकटायचेच.

आवडी मात्र पुढे झाली. "म्हाराजानू, काय्येक लागाक नको? म्हणजे काय्येक नाय?"

"काही म्हणजे काही नाही!"

"मगे शब्द फिरवू नकात हां."

"शब्द फिरवायला आम्ही काय दिवाणजी आहोत?"

घरी येईपर्यंत मेस्त कपाळाला हात लावून होते. "गो चेडवा, काय करून बसलंस!"

"बाबा, तुमी फक्त जाडे दोर काढा," आवडी म्हणाली.

नारळी पौर्णिमा उजाडली. राजे वाजतगाजत बंदरावर आले. एका हातात समुद्राला वाहायचा नारळ, दुसऱ्या हातात रुमालात लपवलेलं लिंबू. बघतात तर पाण्यात होडीच नाही!

"होडी कुठाय?"

"ती काय, म्हाराजानू!"

माडांच्या मधोमध होडी अधांतरी लटकत होती. राजांनी बुडावरून हात फिरवला. स्वच्छ! ना शेवाळ, ना कालवं.

"दोर लागलेत! दोर लागलेत!" मामासाहेब ओरडले.

"दोर आतल्या पाटांक बांधलेले आसत. बुडाक शिवले पण नाय."

"मग वारा? वारा लागतोय की बुडाला!" दिवाणजींनी मान पुढे काढली.

"वारो तुमच्या तोंडासून येता, दिवाणजी. जरा मिटलात तर थांबात."

लोक खो खो हसले. राजे मात्र हसले नाहीत. त्यांच्या भुवया चढल्या. "पोरी, पाण्यात नसलेली होडी घेऊन आम्ही करायचं काय?"

"पाणीसुद्धा लागाक नको, तुमीच म्हटलात. आता जरा बसान तर बघा!"

राजे कुरकुरत चढले. मेस्तांनी भीतभीत एक झोका दिला. होडी मागे गेली, पुढे आली. राजांनी सवयीने लिंबू नाकाकडे नेलं आणि मध्येच थांबले. पोट शांत! चेहरा गुलाबी! अरे, हा तर झोपाळा!

आवडी हात जोडून म्हणाली, "ह्या होडयेक काय्येक लागणा नाय, म्हाराजानू. आनी ही होडी तुमकाय लागाची नाय!"

बंदरावर कुजबुज उठली. तोंडावर बोलली पोरगी! मेस्तांनी डोळेच मिटून घेतले.

आणि राजे हसले. असे हसले, की होडी आपली आपणच झुलू लागली. "सगळे मेले ऊन बाधलं म्हणतात! एकीने तरी खरं सांगितलं. मेस्त, डोळे उघडा! तुमची होडी तुम्हाला. आणि ही आमचीच, कायमची इथेच! आता कारभाराला दुसरी होडी बांधा. तिला काय लावायचं ग, आवडी? रंग की कापड?"

"तिच्यात कोण बसतले?"

"दिवाणजी आणि मामासाहेब."

"मगे सोपा आसा! अर्ध्या बुडाक रंग, अर्ध्याक कापड. दिवाणजी रंगावर बसतले, मामासाहेब कापडावर. आनी न्हेवा आत, खोल दर्यात!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तसं कापडही काही वाईट नाही," दिवाणजी घाईघाईने म्हणाले. "मी आपला कापडाकडे बसेन."

"छे छे, रंगाला तोड नाही!" मामासाहेबही त्याच दमात बोलले. "मला रंगाकडची जागा द्या!"

राजांना आता हसू आवरेना. डोळे पुसत त्यांनी हातातला नारळ आवडीच्या ओटीत टाकला. "समुद्राला दुसरा वाहू! आणि ती दुसरी होडीही तुझीच, पोरी! आता मालकीण तू. बोल, आधी काय लावणार तिला?"

आवडीने दर्याकडे बघितलं.

"पाणी, म्हाराजानू!"