हौसाक्कानं पोरं मसणात बोलावली तेव्हा

घाटातली वाट अजून बैलांच्याही पायाखालची झाली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. घाटाच्या पायथ्याला, डोंगराच्या दोन सोंडांमध्ये सावरघळ नावाचं गाव होतं. वर अरुंद घळ, घळीतून उतरणारा ओढा, ओढ्याच्या काठावर जाखाईचं दगडी देऊळ आणि देवळाला धरून बसलेली घरं. ओढ्यापासून लांब, गावाच्या मागच्या अंगाला एक उघडाबोडका उंचवटा होता. तिथं मढी पुरत, म्हणून त्याला मसणटेक म्हणायचे. दिवसाढवळ्याही त्या बाजूला कुणी शेळी नेत नसे.

अशा गावात एका उन्हाळ्यात हौसाक्का आली. डोक्यावर बोचकं, गुडघे धरलेले म्हणून हातात काठी, मागंपुढं कुणी नाही. कुठली म्हणून विचारलं तर घाटाकडं बोट करायची आणि "वरली," एवढंच सांगायची. तिचं गाव एका पावसात वाहून गेलं होतं, असं म्हणतात. ते तिनंच बुडवलं होतं, असंही म्हणतात. गावाच्या कडेची एक पडकी झोपडी तिनं शाकारून घेतली, अंगण सारवलं, आणि त्या अंगणात पोरं जमायला लागली.

सावरघळात शाळा नव्हती. पोरगा चालायला लागला की गुरांमागं जायचा, पोरगी चालायला लागली की धाकट्या भावंडामागं. मग ही बाई पोरांना बसवून करते काय, तेच मोठ्यांना कळेना. ती पैसा मागत नव्हती, धान्य मागत नव्हती. त्यानं तर लोकांचा संशय आणखीच वाढला. फुकट कोण कुणासाठी खपतं?

पाटलाची सून गिरजा हिला तर ती पहिल्या दिवसापासून खुपत होती. गिरजाची पहिली लेकरं पाळण्यातच गेली होती. मग नवसासायासानं सोनकी झाली आणि आता केरबा अंगावर पीत होता. म्हणून गिरजाचा जीव कायम टांगलेला. कुणी लेकराकडं टक लावून बघितलं तरी ती मीठमिरच्या उतरून चुलीत टाकायची. आणि सोनकी तर रोज उठून हौसाक्काच्या अंगणात पळायची.

एकदा गिरजा भाकरी थापायला बसली, तर परातीतल्या पिठात सोनकी बोटानं काहीतरी वळणं काढत होती. ओठ हलत होते, नजर पिठावर खिळलेली.

"काय गं पुटपुटतीस?"

"आक्कानं दाखवलंय. हा आवाज असा दिसतो आई. हा बघ, ळ."

गिरजानं एका हातानं ते पीठ सपाट केलं. आवाज दिसतो म्हणणारी पोरगी तिनं जन्मात बघितली नव्हती. ती भाकरी तिनं घरात कुणाला वाढली नाही, गाईपुढं टाकली.

पुढं पुढं घराघरांतून बारीकसारीक वस्तू जायला लागल्या. कुणाच्या चुलीतली राख, कुणाची फुटकी बांगडी, कुणाच्या जुन्या लुगड्याची चिंधी. पोरंच उचलून नेत होती. दरडावून विचारलं तर सांगायची, "आक्का म्हणती, घरातलं आणा, पण कुणाचं अडणार नाही असंच आणा." आता राख, बांगडी आणि अंगावरच्या लुगड्याची चिंधी कशाला लागते, हे गावातल्या बायांना सांगायची गरज नव्हती. करणी करणारीला दुसरं काय लागतं?

शेजारची ठकू पाण्याला निघाली की गिरजाच्या कानाशी लागायची. "माझा पोरगा झोपेत बोटं मोडतोय गं. एक, दोन, तीन करत. कुणाला मोजतोय कोण जाणे."

शेवटी एका दुपारी हौसाक्का सरपणाला गेलेली बघून गिरजा तिच्या अंगणात शिरली. ओसरीवर चिंचोक्यांच्या ओळी होत्या, दहादहाच्या. दोरीत ओवलेले बैलाचे मणके होते. सापाची एक लांबलचक कात बांबूला बांधून तिच्यावर काजळीनं खुणा केल्या होत्या. पोरं त्या कातीनं लांबी मापायची. वाळवलेल्या चिखलाची अक्षरं सुपात घातली होती. गिरजाला त्यातलं एकही ओळखू येईना, पण पिठातलं ते ळ मात्र दिसलं आणि तिच्या अंगावर काटा आला.

झोपडीच्या मागं गेली आणि ती जागीच थिजली.

तिथं जमिनीवर अख्खं सावरघळ मांडलेलं होतं. चिखलाचे डोंगर, मधोमध घळ, घळीतून खाली आलेला चर, चराच्या कडेला जाखाईचं देऊळ. वीतभर उंचीची घरं. प्रत्येक घराच्या दारात चिंधीच्या बाहुल्या. तिनं आपलं घर दारातल्या तुळशीवरून ओळखलं. दारातल्या बाहुलीला तिच्याच हिरव्या लुगड्याची चिंधी गुंडाळली होती. आणि बाहुलीशेजारी करवंटीचा पाळणा. पाळण्यात बोटाएवढं लेकरू.

आणि सगळं गाव ओलं होतं. कुणीतरी त्याच्यावर पाणी ओतलं होतं.

गिरजानं कोपऱ्यातली कुदळ उचलली. घरं फोडली, देऊळ फोडलं, डोंगर पायानं तुडवले. पाळणा तेवढा पदरात घेतला. मान वर केली तर हौसाक्का मोळी डोक्यावर घेऊन उभी होती. ती ओरडली नाही. मोळी खाली टाकली आणि तुडवलेल्या चिखलाकडं बघत राहिली.

"मोडलंस व्हय? पोरं लई दिस खपली होती गं."

"माझ्या लेकराला पाळण्यात घालून वर पाणी ओततीस? कुणाच्या जिवावर?"

"पाणी कुठनं येतंय ते पोरांना कळाया नको? एकदा ओतून तरी बघायचं होतंस बाई, मग मोडायचं."

गिरजा थुंकली आणि निघाली. घरी येऊन तिनं सोनकीला समोर बसवलं. "त्या चिखलात काय करत होता? खरं सांग."

सोनकीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण सांगताना तिचे हात आपोआप हलायला लागले. "आम्ही पाणी सोडायचो. एकदा घळीत चिखलाचा गोळा अडकवला. मग ओढा आटला. पाणी मागं साठलं, साठलं आणि गोळा फुटला. देऊळ पहिलं गेलं आई. मग घरं गेली. मग आपलं घर. मसणटेक तेवढी कोरडी राहिली."

गिरजानं तिच्या तोंडावर हात दाबला. असलं अभद्र लेकरानं उच्चारावं? त्या दिवसापासून सोनकीचं अंगणात जाणं बंद झालं. त्याच आठवड्यात केरबाला ताप भरला, आणि गिरजाची खात्रीच पटली. ती सासऱ्यापुढं पदर पसरून रडली. पाटील मोठा तालेवार, पण सबुरीचा माणूस. "पाऊस उघडू दे, मग बघू," म्हणाला.

पाऊस काही उघडला नाही. भादव्यात तर आभाळ फाटलं. सलग कितीतरी दिवस सूर्य दिसला नाही. ओढा गढूळ होऊन दणाणत होता, रात्रंदिवस त्याचा आवाज कानात. आणि एका सकाळी तो आवाज थांबला.

पाऊस तर पडतच होता. लोक बाहेर येऊन बघतात तो ओढ्यात पाणी नाही. गोटे उघडे पडलेले, डबक्यांत मासे उड्या मारतायत. म्हाताऱ्यांनी कानाला हात लावले. पावसात ओढा आटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. थोड्याच वेळात गावभर एकच बोलणं झालं, ओढा कुणीतरी बांधला. कुणी बांधला, हे विचारायची गरजच नव्हती.

हौसाक्काला हाताला धरून देवळात आणलं. सगळं गाव जाखाईपुढं जमलं. बाया, बाप्ये, काठ्या टेकत आलेली म्हातारी. गिरजा पुढं होती. केरबाला तिनं सोनकीच्या कडेवर दिलं होतं आणि तिला पोरांबरोबर बाहेर पायरीवर बसवलं होतं, हौसाक्काची नजर पडू नये म्हणून.

"ओढा तू बांधलास?" पाटलानं विचारलं.

"दरड कोसळली असंल घळीत," हौसाक्का म्हणाली. "पाणी मागं तुंबलंय. पाटील, आधी माणसं हलवा. माझा न्याय मागनं करा."

"हलवा? कुठं?"

"मसणटेकीवर."

देवळात एकदम गलका उडाला. ठकूनं कडाकडा बोटं मोडली. जिता माणूस मसणात न्यायला सांगते, आता आणखी काय पुरावा पाहिजे? हौसाक्का हात जोडून पुन्हा पुन्हा सांगत होती, पण तिचं बोलणं जितकं खरं, तितकं ते लोकांना वाईट वाटत होतं.

बाहेर पायरीवर सोनकी रिकाम्या ओढ्याकडं बघत होती. तिच्या बोटांना तो चिखलाचा गोळा आठवला, असं म्हणतात. ती उठली. "वर गोळा अडकलाय," ती बाकीच्या पोरांना म्हणाली. पोरांना दुसरं काही सांगावं लागलं नाही. ते गाव त्यांनी आपल्या हातांनी कितीदा केलं होतं आणि कितीदा बुडताना बघितलं होतं. थोरांनी धाकट्यांना उचललं आणि सगळी पोरं एकदम मसणटेकीच्या वाटेनं पळत सुटली.

दारातून कुणीतरी ओरडलं, "पोरं चालली! मसणाकडं चालली!"

गिरजानं वळून बघितलं. पावसात सोनकी पळत होती आणि तिच्या खांद्यावर केरबाची मान हिंदकळत होती. गिरजाला वाटलं, आपल्याला भास होतोय. सगळे क्षणभर तसेच उभे राहिले.

तेव्हा हौसाक्कानं हात खाली घेतले. ती ताठ उभी राहिली आणि असं हसली म्हणतात, की जाखाईच्या समईची वात थरथरली.

"होय!" ती म्हणाली. "मीच बोलावलीत पोरं मसणात. मीच ओढा बांधला. आता एकेकाचा घास घेणार. पायात जोर असंल तर धावा, सोडवा आपली लेकरं!"

ज्या देवळातून हात जोडून सांगूनही एक माणूस हलला नव्हता, ते देऊळ डोळ्याचं पातं लवायच्या आत रिकामं झालं. बाप्ये काठ्या उगारून धावले. बाया छाती बडवत धावल्या. पाटलानं आपल्या आईला पाठीवर घेतलं, कारण पणतवंडं पुढं गेली म्हटल्यावर म्हातारी मागं राहीना. म्हातारेकोतारे एकमेकांना ओढत निघाले. सगळ्यांच्या पुढं गिरजा होती. पाय रक्तबंबाळ झाले तरी तिला कळलं नाही. तोंडात एकच, "माझं लेकरू, माझं लेकरू."

टेकीवर पोचून तिनं केरबाला हिसकावून घेतलं आणि सोनकीला मारायला हात उगारला. तो हात तसाच वर राहिला. डोंगरात काहीतरी मोडल्यासारखा आवाज झाला.

घळ फुटली होती. काळं पाणी झाडं आणि धोंडे घेऊन खाली आलं. देऊळ पहिलं गेलं. मग घरं गेली. मग पाटलाचं घर. पोरं ओठांतल्या ओठांत ते आधीच सांगत होती, असं म्हणतात, आणि पाणी त्यांच्या शब्दामागनं चाललं होतं. टेकीच्या पायाशी येऊन पाणी वळलं. वर एक थेंब चढला नाही.

मग लोक आपापली माणसं मोजायला लागले. सगळी होती. लंगडीपांगळी होती, तान्ही होती. काठ्या हातातून गळून पडल्या. तेवढ्यात सोनकीनं विचारलं, "आक्का कुठाय?"

हौसाक्काचे गुडघे धरलेले होते, तिला चढण चढवत नसे, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. धावताना गिरजानं तिच्या अंगाला अंग घासलं होतं. हात धरायला एक पळ लागला असता. तो कुणीच धरला नाही.

तिचं प्रेत सापडलं नाही. पाण्यानं नेली, असं म्हणतात. दुसऱ्या दिवशी एका गुराख्यानं तिला काठी टेकत घाटाची वाट चढताना बघितली, असंही म्हणतात. आणि तिनंच पाणी आणलं होतं, म्हणून तर तिला कधी फुटणार ते ठाऊक होतं, असं म्हणणारेही गावात बरीच वर्षं होते. गिरजाचं मन तर शेवटपर्यंत हिंदकळत राहिलं. म्हातारपणी कुणी विचारलं की ती म्हणायची, "देवळात ती बोलली ते खरं का खोटं, मला अजून कळलं न्हाई. खरं असंल तर माझी लेकरं चेटकिणीनं राखली. आणि खोटं असंल तर..." सोनकीनं मात्र नव्या घराच्या अंगणात चिखल कालवला, पोरं गोळा केली, आणि गिरजा आपल्या हातानं कळशी भरून आणून द्यायची.

सावरघळ आता टेकीच्या अंगानं वसलेलं आहे. भादव्यात एक दिवस सगळं गाव टेक चढतं. त्या दिवशी एकट्यानं चढायचं नाही, प्रत्येक पोरानं एका म्हाताऱ्या माणसाचा हात धरायचा. वर पोचलं तरी शेवटचं माणूस येईपर्यंत कुणी टेकत नाही.

आणि एरवी, गावात कुठल्याही घरी पोरानं अंगणात चिंचोके, माती, काड्या मांडल्या, की सासू सुनेला झाडू उचलू देत नाही. त्याला हौसाक्काचा पसारा म्हणतात. कितीही घाई असली, पाहुणे दारात आले असले, तरी त्याच्यावरून पाय टाकायचा नाही. मोठ्या माणसानं त्याच्याशेजारी उकिडवं बसायचं आणि आधी विचारायचं, "हे काय केलंयस बाळा? मला दाखव."